चाल दुसऱ्याची, शब्द गुर्जरांचे

(रत्नागिरी येथे व्याख्यानमालेत दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचा पाठ)



२३ जानेवारी १९१९ रोजी राम गणेश गडकरी नागपूरजवळ सावनेरला वारले. वय अवघे तेहतीस. त्यानंतर अठ्ठाविसाव्या दिवशी, २० फेब्रुवारीला, बडोद्यात गंधर्व नाटक मंडळीने ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग केला. नाटक उभे राहिले, पण ते पाहायला नाटककार नव्हता. या प्रयोगाविषयी मराठीत भरपूर लिहिले गेले आहे. बालगंधर्वांची सिंधू, गणपतराव बोडसांचा सुधाकर, तळीराम आणि त्याचे आर्य मदिरा मंडळ, सगळ्यांवर लिहून झाले. सिंधूच्या तोंडची पदे तर शंभर वर्षे गाइली जात आहेत. मात्र ती पदे गडकऱ्यांची नव्हेत, हे नाट्यसंगीताच्या मैफिलीला नेमाने येणाऱ्यांपैकीही पुष्कळांना ठाऊक नसते. ती लिहिली आपल्या जिल्ह्यातल्या एका माणसाने. राजापूर तालुक्यातल्या कशेळीचे विठ्ठल सीताराम गुर्जर, हे त्यांचे नाव.

कशेळी म्हटले की आपल्याला कनकादित्याचे देऊळ आठवते. जवळच आडिवरे, गद्य रंगभूमीवरचे थोर नट केशवराव दाते तिथले. म्हणजे चार-सहा मैलांच्या टापूतून मराठी रंगभूमीला एक नट मिळाला आणि एक पदकार मिळाला. नटाची आठवण आपण ठेवली आहे. आज मला पदकाराविषयी बोलायचे आहे.

गुर्जरांचा जन्म १८ मे १८८५चा. गडकऱ्यांचा २६ मे १८८५चा, तिकडे गुजरातेत नवसारीला. दोघांत आठ दिवसांचे अंतर. एक तेहतिसाव्या वर्षी गेला आणि मराठीतला सर्वांत झगझगीत नाटककार ठरला. दुसऱ्याला सत्त्याहत्तर वर्षांचे आयुष्य लाभले, त्याने शेकड्यांनी कथा लिहिल्या, आणि आज त्याचे नाव कथेच्या इतिहासातल्या एका परिच्छेदात आणि पदांच्या पुस्तकातल्या एका ओळीत उरले आहे. मी इथे दोघांची तुलना करायला उभा नाही. गडकऱ्यांची जागा गडकऱ्यांची. पण एका नाटकात या दोघांचे शब्द शेजारी शेजारी बसले आहेत. सिंधू बोलते गडकऱ्यांच्या भाषेत आणि गाते गुर्जरांच्या. प्रेक्षकाला तो सांधा शंभर वर्षांत दिसला नाही. एवढे बेमालूम काम ज्याने केले तो काय दर्जाचा कारागीर असेल, याचा विचार आपण करायला हवा.

गुर्जर मुळात गोष्टी लिहिणारे. काशिनाथ रघुनाथ मित्रांचे ‘मनोरंजन’ मासिक १८९५ साली निघाले, १९०९ साली त्याने मराठीतला पहिला दिवाळी अंक काढला, आणि त्या मासिकाच्या भरभराटीच्या काळात वाचक ज्यांच्या गोष्टीची वाट पाहत, त्यांत गुर्जर अगदी पुढे होते. तोवर मराठीत लांबलचक, क्रमशः चालणाऱ्या कादंबऱ्या होत्या आणि हरिभाऊ आपट्यांच्या स्फुट गोष्टी होत्या. एका बैठकीत वाचून संपेल अशी, आरंभ आणि शेवट दोन्ही घट्ट बांधलेली ‘संपूर्ण गोष्ट’ घरोघर रुजवली ती गुर्जरांनी. त्यांच्या गोष्टींत काय असते? एखादा गैरसमज असतो, एखादा योगायोग असतो, नुकते लग्न झालेले किंवा होऊ घातलेले जोडपे असते, कुणाचे तरी पत्र भलत्याच्या हाती पडते आणि शेवटी सगळे मार्गाला लागते. मोठ्या आशयाची अपेक्षा ठेवून वाचायला बसलात तर हाती फार लागणार नाही. पण ती रचना पाहा. कुठली गोष्ट वाचकाला आधी सांगायची, कुठली राखून ठेवायची, वाक्य कुठे तोडायचे, हे या लेखकाला अचूक कळते. ‘द्राक्षांचे घोस’ हा त्यांचा संग्रह ज्यांना मिळेल त्यांनी या नजरेने जरूर वाचावा.

यातल्या पुष्कळ गोष्टींचे मूळ बंगालीत आहे. प्रभातकुमार मुखोपाध्याय हे गुर्जरांचे आवडते कथाकार, आणि त्यांच्या कथांची छाया गुर्जरांच्या लेखनावर स्पष्ट आहे. आपल्याकडे असे म्हटले की ‘म्हणजे स्वतःचे काही नव्हते तर’ असा सूर लगेच निघतो. तो सूर मला मान्य नाही. बंगाली घरातली गोष्ट गिरगावातल्या चाळीत आणून बसवणे म्हणजे शब्दाला शब्द ठेवणे नव्हे. तिथली नाती, तिथला विनोद, तिथले सासर-माहेर, सगळे बदलते. फक्त गोष्टीचा सांगाडा तसाच राहतो. परका सांगाडा घ्यायचा आणि त्यावर मराठी रक्तमांस असे चढवायचे की वाचकाला ती आपलीच गोष्ट वाटावी, ही एक स्वतंत्र प्रतिभा आहे. गुर्जरांच्या अंगी ती होती. आणि माझे आजचे मुख्य म्हणणे हे, की हीच प्रतिभा पदकाराला लागते. गुर्जरांनी ‘एकच प्याला’ची पदे लिहिली तेव्हा त्यांनी हात बदलला नाही, जे काम ते मासिकात करत होते तेच त्यांनी रंगभूमीवर केले.

जाता जाता एक सांगतो. ‘मनोरंजन’कार मित्र हे मूळचे आजगावकर, सावंतवाडीकडचे, बंगालच्या ओढीने त्यांनी ‘मित्र’ हे नाव घेतले. शरच्चंद्रांना मराठीत आणणारे मामा वरेरकर चिपळूणचे, जन्म १८८३चा. गुर्जर कशेळीचे. कोकणातल्या तीन माणसांना एकाच काळात बंगालने असे ओढून घ्यावे, याचे मला फार अप्रूप वाटते. समुद्रकाठची, नदीखाडीतली, भात-माशांवर जगणारी, घरातला कर्ता पुरुष दूरच्या शहरात नोकरीला आणि मागे बायका-म्हातारी माणसे, असा हा मुलूख. बंगाली कथेतले घर आपल्या माणसांना परके वाटले नसावे. हा माझा अंदाज आहे, पण तो मला सोडवत नाही.

आता पदांकडे येऊ. 

संगीत नाटकातले पद कसे तयार होई, हे आज नव्याने सांगावे लागते, कारण आपला समज असा की कवी कविता लिहितो, मग संगीतकार तिला चाल लावतो. संगीत नाटकात बहुधा उलटे होते. चाल आधी. ती कुठून तरी आलेली असे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली ‘शाकुंतल’ केले तेव्हा साकी, दिंडी, ओवी, लावणी आणि कानडी मुलखातल्या चाली घेतल्या. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी १८९६च्या ‘वीरतनय’पासून पारशी रंगभूमीवरच्या ठसकेबाज चाली आणल्या. १९११ साली ‘मानापमाना’त गोविंदराव टेंब्यांनी पूरबकडची ठुमरी, कजरी, होरी यांचा खजिना उघडला, आणि १९१६ साली ‘स्वयंवरा’त भास्करबुवा बखल्यांनी ख्यालाच्या बंदिशीच रंगभूमीवर नेऊन बसवल्या. जुन्या नाटकांच्या छापील प्रती उघडा. पदाच्या डोक्यावर राग आणि ताल दिलेला असतो, आणि पुढे ‘चाल’ म्हणून मूळ गाण्याचे पहिले दोन-तीन शब्द छापलेले असतात, कधी हिंदी, कधी गुजराती, कधी कानडी. उसने घेतले आहे हे कोणी लपवत नसे.

पदकाराच्या पुढ्यात येई ती ही अशी तयार चाल. तिचे वजन ठरलेले, समेची जागा ठरलेली, कुठे आलाप घ्यायचा, कुठे तान घ्यायची ते ठरलेले. मूळ शब्द बहुधा ब्रज किंवा उर्दूतले, कृष्णाला उद्देशून किंवा परदेशी गेलेल्या साजणाला. त्या जागी मराठी मध्यमवर्गीय घरातल्या एका विवाहितेचे मन बसवायचे. एक मात्रा इकडची तिकडे हलवायची सोय नाही.

मराठी ही या कामाला अवघड भाषा आहे. ब्रजभाषेत शब्द ताणता येतात, आखडता येतात. ऱ्हस्वाचे दीर्घ झाले तरी कानाला खुपत नाही. मराठी क्रियापदे लांब आणि अंगाने जड. एक साधे उदाहरण घेऊ. ‘मला सोडून’ हे आपण रोज बोलतो. ‘मला’च्या तीन मात्रा, ‘सोडून’च्या पाच. एकूण आठ. ‘मज त्यजुनि’ म्हणा: दोन आणि तीन, पाचातच काम झाले, आणि सगळी अक्षरे लघू, म्हणजे गायकाला हवे तिथे सैल सोडता येतात. नाट्यपदांत ‘मज’, ‘मम’, ‘अजि’, ‘झणि’, ‘गमे’ असले शब्द का येतात याचे उत्तर इथे आहे. आजच्या वाचकाला ती भाषा कृत्रिम वाटते. कागदावर ती कृत्रिम आहेच. पण ती कागदासाठी केलेलीच नाही. हे शब्द म्हणजे चालीच्या फटींत बसतील अशा बेताने काढलेल्या चिपा आहेत, आणि पदकाराचे कौशल्य हे, की एवढ्या चिपा बसवूनही वाक्य वाक्यच राहिले पाहिजे. त्याला अर्थ पाहिजे, आणि तो त्या पात्राच्या त्या क्षणाचा पाहिजे.

‘एकच प्याला’ची पदे या कसोटीवर पाहा. सिंधूची गाजलेली चार पदे मनात आणा. मी ती इथे म्हणत नाही, तुम्हां सर्वांना पाठ आहेत. चारांपैकी चारांची सुरुवातीची ओळ ‘आ’कारावर येऊन थांबते. ‘आ’ हा गळा सर्वांत मोकळा उघडणारा स्वर. त्यावर आलाप ठरतो, तान फिरते, मींड रेंगाळते. शब्दाचा शेवट ‘क’ किंवा ‘ट’वर झाला तर गायकाला तिथे दार लागते. गुर्जरांनी बालगंधर्वांच्या गळ्यासाठी ओळीगणिक दार उघडे ठेवले आहे.

आणि दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. पदाचा मुखडा पुन्हा पुन्हा घ्यायचा असतो. बालगंधर्व तर एकेक मुखडा किती तऱ्हांनी घेत ते तबकड्यांतूनही कळते. जो शब्द दहादा म्हणायचा त्यात विधान असून चालत नाही. विधान दुसऱ्यांदा म्हटले की संपते. नवरा सुधाकर व्यसनाने घर धुळीला मिळवतो आहे, माहेरची माणसे सिंधूला न्यायला आली आहेत, आणि ती जायला तयार नाही. त्या ठिकाणचे सर्वांत प्रसिद्ध पद आठवा. ते प्रश्नाने सुरू होते. हे पाय मी सोडू कशी, असा त्याचा अर्थ. प्रश्न दहा वेळा विचारता येतो. एकदा तो भावाला असतो, एकदा नवऱ्याला, एकदा स्वतःला, एकदा देवाला. गायकाला प्रत्येक आवर्तनात नवा भाव देण्याची जागा शब्दांनीच करून ठेवली आहे. बालगंधर्वांच्या त्या गाण्याचे श्रेय आपण बालगंधर्वांना देतो आणि ते योग्य आहे. पण ती जागा आधी कुणीतरी आखून दिली होती.

आजच्या मुलींना सिंधू पटत नाही. त्यांचे बरोबर आहे. दारूच्या पायी बायकोचे सर्वस्व नासवणाऱ्या माणसाचे पाय धरून बसणे हा आदर्श म्हणून कुणी सांगू नये. गडकऱ्यांनी तिच्या हाती जाते दिले, दळण दळून ती संसार चालवते, त्यात एक कणखर बाई दिसते. पदांत मात्र तिचे सोसणे इतके गोड होऊन येते की प्रेक्षक त्या सोसण्यावरच लुब्ध होतो. हा दोष मी गुर्जरांच्या पदरातही टाकतो. शोकांतिकेच्या ऐन प्रसंगी इतकी सुरेल पदे असावीत की नाही हा वाद तेव्हापासूनचा आहे, आणि माझे मत ‘इतकी नसावीत’ या बाजूला झुकते. तरी एक म्हणेन. ती पदे काढून नाटक वाचले तर ते आटोपशीर होते, बांधेसूद होते, आणि सिंधू थोडी अनोळखी होते. तिच्या मनाचा आतला भाग गुर्जरांच्या शब्दांतच आहे.

आता या पदांच्या मागची तिसरी व्यक्ती. ‘एकच प्याला’तल्या गाजलेल्या चालींचे श्रेय पुण्याच्या सुंदराबाईंना दिले जाते. सुंदराबाई जाधव. लावणी, गझल, ठुमरी गाणाऱ्या, अतिशय दाणेदार आवाजाच्या गायिका. १९३९ सालच्या ‘माणूस’ चित्रपटात नायकाच्या आईचे काम करणाऱ्या त्या ह्याच. बालगंधर्वांनी त्यांच्याकडून चाली घेतल्या आणि गुर्जरांनी त्यांवर शब्द बांधले. म्हणजे काय घडले ते नीट पाहा. एक बाई, जिला त्या काळात प्रतिष्ठित म्हणवणाऱ्या मंडळीच्या रंगमंचावर पाय ठेवण्याची सोय नव्हती, तिच्या बैठकीतली चाल. तिच्यावर कोकणातल्या एका ब्राह्मण कथाकाराचे शब्द. आणि ते गाणारा पुरुष, स्त्रीच्या वेषात, एका पतिव्रतेच्या भूमिकेत. ज्या गाण्याला महाराष्ट्रातल्या घरंदाज बायकांनी आपले दुःख म्हणून डोळे पुसले, ते आले होते लावणीच्या बैठकीतून. त्या काळच्या समाजाला हे पचले, कारण बैठकीचा उंबरठा ओलांडताना चालीच्या अंगावर दुसरे शब्द चढले होते. पदकाराचे हे सामाजिक काम कुणी फारसे लक्षात घेतलेले नाही. बैठकीतले संगीत माजघरात गेले, ते या शब्दांचे वस्त्र लेऊन. त्यात सुंदराबाईंचे नाव मात्र मागे राहिले, आणि ही गोष्ट मला नेहमी अस्वस्थ करते. गुर्जर निदान छापील पुस्तकात सापडतात.

चौथी व्यक्ती म्हणजे मालक. गंधर्व नाटक मंडळी १९१३ साली बालगंधर्व, बोडस आणि टेंबे यांनी किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडून काढली. आज आपण ज्याला निर्माता म्हणतो त्याचे सारे काम मालकाकडे: नाटक निवडायचे, चाली जमवायच्या, पदकार गाठायचा, कपडेपट, पडदे, साथीदार, शंभरावर माणसांची रोजची पंगत. बालगंधर्वांचा खर्चाचा हात आणि त्यापायी झालेले कर्ज यावर पुस्तके आहेत. मी त्यात शिरत नाही. मला एवढेच नोंदवायचे आहे, की पद बांधण्याच्या साखळीत शेवटचा शब्द मालकाचा असे आणि इथे मालक स्वतः गायक होता. त्यामुळे पदे एका विशिष्ट गळ्यासाठी, एका विशिष्ट श्वासासाठी बेतली गेली. पुढे थिरकवाखाँसाहेबांचा तबला आणि कादरबक्षांची सारंगी ज्या मंडळीत आली, तिथे संगीताची पातळी काय असेल हे सांगायला नको. अशा ठिकाणी शब्दांचे एक अक्षर जरी अडले तरी ते तालमीतच उघडे पडणार.

याच काळात जगाच्या दुसऱ्या टोकाला काय चालले होते, ते थोडे पाहू. न्यूयॉर्कला आयर्विंग बर्लिन नावाचा गीतकार होता. जन्म १८८८चा, म्हणजे बालगंधर्वांच्याच वर्षाचा, आणि गुर्जरांहून तीन वर्षांनी लहान. त्याला स्वरलिपी वाचता येत नसे, पण चाल आणि शब्द दोन्ही तो स्वतः करी. १९१९ साली, म्हणजे ‘एकच प्याला’च्याच वर्षी, झिगफेल्ड फॉलीज या प्रचंड गाजलेल्या नाच-गाण्यांच्या खेळात त्याची गाणी होती. गाण्यांच्या छापील प्रती लोक घरोघर पियानोवर ठेवत. त्यांच्यावर त्याचे नाव असे आणि प्रत्येक प्रतीमागे त्याला पैसा मिळे. १९१४ साली तिथल्या संगीतकार-गीतकारांनी संघटना काढली होती: आमचे गाणे कुठेही जाहीर वाजले तर आमचा वाटा आम्हांला द्या. १९२१ साली त्याच बर्लिनने भागीदाराबरोबर न्यूयॉर्कमध्ये स्वतःचे थिएटर बांधले आणि तिथे दरवर्षी स्वतःच्या गाण्यांचा खेळ लावला. गीतकार आणि निर्माता एकच.

आपल्याकडे १९१९ साली अशा गोष्टीची कल्पनाही कुणी केली नसती. इथे पद हे नाटकाचे अंग, नाटक हे मंडळीचे, आणि मंडळी मालकाची. पदकाराने शब्द दिले की त्याचे नाते संपे. थिएटरच्या दारात पदांची छोटी पुस्तके विकली जात, पुढे ग्रामोफोनच्या तबकड्या निघाल्या, गावोगावच्या हौशी मंडळ्यांनी तीच पदे गाइली. या सगळ्या प्रवासात शब्द लिहिणाऱ्याकडे फिरून कुणी पाहिले नाही. अमेरिकेतली धंदेवाईक पद्धत सर्वस्वी चांगली होती असे मी म्हणत नाही. तिथेही काळ्या कलावंतांच्या चाली गोऱ्यांच्या नावावर खपल्या. पण लिहिणाऱ्याचे नाव गाण्याला चिकटून राहिले पाहिजे हा हट्ट तिथे धरला गेला, इथे नाही. १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ने मराठी बोलपट सुरू झाला आणि गीतकाराचे नाव पडद्यावर येऊ लागले, तेव्हा कुठे ही स्थिती पालटायला लागली. शांताराम आठवले, नंतर माडगूळकर हे नावाने ओळखले गेले. गुर्जरांची पिढी त्याच्या आधीची.

स्वतः गुर्जरांनी गंधर्व मंडळीसाठी ‘नंदकुमार’ हे पुरे संगीत नाटकही लिहिले. ते १९२५ साली रंगभूमीवर आले. नाटक म्हणून ते टिकले नाही. मला वाटते, गुर्जरांच्या अंगची कला दुसऱ्याच्या आराखड्यात खुलणारी होती. गडकऱ्यांचा प्रसंग, सुंदराबाईंची चाल, बालगंधर्वांचा गळा असे तिन्ही बाजूंनी कुंपण असले की त्यांची लेखणी आतल्या आत अशी फुलते की बघत राहावे. सगळे रान मोकळे मिळाले की तिचा जोर ओसरतो. ही उणीव नव्हे. काही गायक साथीला बसल्यावरच उत्तम गातात.

आता आपल्या रत्नागिरीकडे. मोठ्या नाटक मंडळ्यांचे मार्ग मुख्यतः रेल्वेने जोडलेले: मुंबई, पुणे, बडोदे, नागपूर, हुबळी. कोकणात यायचे तर आगबोट, आणि पावसाळ्यात तीही बंद. पडदे, पेट्या, नटांचे बिऱ्हाड घेऊन एवढ्या मोठ्या मंडळीला इथे येणे परवडणारे नव्हते. म्हणून इथे नाट्यसंगीत दोन वाटांनी आले. एक तबकडी. साडेतीन मिनिटांच्या आत संपणारे पद, मुखडा आणि चार हरकती, तालुक्याच्या गावच्या एखाद्या घरात वाजवलेले आणि अंगणात जमलेल्यांनी ऐकलेले. दुसरी वाट म्हणजे मुंबईचे चाकरमानी. गिरगाव-परळला राहणारा माणूस पिटात बसून नाटक पाही, पदांचे पुस्तक विकत घेई, आणि शिमग्याला किंवा गावच्या जत्रेला आला की ते पुस्तक ट्रंकेत असे. त्या पुस्तकावरून वाडीतली हौशी मंडळी नाटक बसवी. पेट्रोमॅक्सच्या उजेडात, पायपेटीच्या साथीवर, अंगात चोळी-पातळ चढवलेला वाडीतला कुणी पोरगा सिंधू होई. त्याचा गळा बालगंधर्वांचा नव्हता. सुंदराबाईंची चाल त्याला पुरती येत नव्हती. पण शब्द त्याच्याकडे होते, जसेच्या तसे. चाल विसरली तरी शब्दांच्या वजनावरून ती पुन्हा उभी करता येते. त्या मात्रांत ती बांधलेलीच असते. आमच्या कोकणात नाट्यसंगीत जगले ते असे, शब्दांच्या आधाराने. गुर्जरांचे शब्द ते स्वतः ज्या मातीतले त्या मातीत या वाटेने परत आले, आणि गाणाऱ्यांपैकी कितीजणांना कळले असेल की हा आपल्या शेजारगावचा माणूस?

याच मुलखातल्या एका गायकाचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. रामकृष्णबुवा वझे सावंतवाडीकडचे. ललितकलादर्श आणि बळवंत या मंडळ्यांच्या नाटकांना त्यांनी चाली दिल्या. म्हणजे चाल देणाराही कोकणातला, शब्द देणाराही कोकणातला, पण वझेबुवांच्या चाली दुसऱ्या मंडळ्यांत आणि गुर्जरांचे शब्द गंधर्व मंडळीत. हे दोघे एका नाटकात एकत्र आले असते तर काय झाले असते, याचा विचार मी पुष्कळदा करतो.

सुंदराबाई १९५५ साली गेल्या, गुर्जर १९ सप्टेंबर १९६२ रोजी आणि बालगंधर्व १९६७ साली. गुर्जरांचे जे काम आज हाती लागते ते विखुरलेले आहे: कथा ‘मनोरंजन’च्या आणि इतर मासिकांच्या जुन्या अंकांत, पदे गडकऱ्यांच्या नाटकात. रत्नागिरीला ग्रंथालयाची परंपरा १८२८पासूनची आहे. महाराष्ट्रात इतकी जुनी वाचनालये हाताच्या बोटांवर मोजता येतील. म्हणून या व्यासपीठावरून माझी एक मागणी आहे, आणि ती मी इथल्या संस्थांपुढे ठेवतो. गुर्जरांच्या निवडक कथा आणि ‘एकच प्याला’ व ‘नंदकुमार’ यांची पदे एका पुस्तकात आणावीत. पदे नुसती कवितेसारखी छापू नयेत. प्रत्येक पदावर राग, ताल, मूळ चाल, ती कुणाकडून आली, नाटकातला प्रसंग कोणता, हे सगळे द्यावे. आणि जमेल तिथे मात्रांची मांडणीही दाखवावी, म्हणजे आज गीतलेखन करू पाहणाऱ्या मुला-मुलींना हा कारागीर कसा काम करत होता ते बोटाने मोजून पाहता येईल. असे पुस्तक मुंबई-पुण्याला निघण्याची वाट पाहू नये. ते इथे निघावे.

व्याख्यानानंतर पदांचा कार्यक्रम आहे. गायकांना आणि निवेदकांना माझी विनंती आहे, की प्रत्येक पदाआधी चार नावे घ्यावीत: नाटककार गडकरी, चाल सुंदराबाईंची, शब्द गुर्जरांचे, पहिले गायन बालगंधर्वांचे. त्याला फार तर अर्धा मिनिट लागेल.